दासोपंतांची पासोडी आणि अमूर्त चित्रकला : एका मताचें परीक्षण

१

माहूर, नांदेड, कंधार, उदगीर, औसा व आंबेजोगाई ह्या टापूंत जुनीं बाडें पाहण्याचा प्रसंग ज्यांस आला असेल, त्यांस एक गोष्ट परिचयाची असेल. वेदान्तपर प्रकरणांच्या पोथ्यांत मजकूर चालतां चालतां मध्येंच थांबतो आणि कोष्टकें, चौकटी, वर्तुळें, एकींतून दुसरी निघणारी रेघ अशी मांडणी सुरू होते. पंचभूतांची वांटणी, देहचतुष्टय, सृष्टीचा उभारणीक्रम व संहारक्रम हे विषय ओवीनें सांगून झाल्यावर तेच डोळ्यांपुढें ठेवण्याची ही रीत आहे. मराठवाड्यांतील ह्या रीतीचा सर्वांत मोठा व सर्वांत प्रसिद्ध नमुना म्हणजे दासोपंतांची पासोडी.

हल्लीं चित्रकलेवर लिहिणाऱ्यांच्या तोंडीं अशा लेखनाविषयीं एक मत वारंवार येतें. ज्या चित्रांत मनुष्य, झाड, देखावा असा ओळखूं येणारा कोणताहि विषय नसून केवळ रंग, रेषा व आकार असतात, तीं अमूर्त चित्रें युरोपांत विसाव्या शतकाच्या आरंभीं निघालीं. परंतु आमच्या संतांनीं व तांत्रिकांनीं तींच शेंकडों वर्षें आधीं काढिलीं होतीं, आणि युरोपीय चित्रकारांस ती दृष्टि मिळाली तीहि भारतीय तत्त्वज्ञानापासूनच, असें तें मत आहे. अजित मुकर्जी यांचें तंत्रकलेवरील पुस्तक १९६६ सालीं निघालें, १९७१ सालीं लंडनच्या हेवर्ड गॅलरींत तंत्रकलेचें मोठें प्रदर्शन झालें, आणि तेव्हांपासून यंत्रें, चक्रें व कुंडल्या चित्रें म्हणून भिंतीवर टांगण्याचा प्रघात दृढ झाला.

हें मत ऐकण्यास गोड असून आमच्या अभिमानास पोषक आहे. म्हणूनच तें तपासून घेणें अवश्य आहे. शिवाय प्रश्न केवळ अभिमानाचा नाहीं. पोथीचें पत्र एकदां चित्र ठरलें म्हणजे त्याची किंमत पोथीहून निराळी होते. आणि किंमत निराळी झाली कीं पत्रहि पोथीपासून निराळें होण्यास वेळ लागत नाहीं. आकृति असलेलीं दोन पत्रें चौकटींत बसतात, आणि उरलेलीं ओव्यांचीं पत्रें रद्दीच्या भावानें जातात. एवंच एक कलाविषयक मत पोथीच्या जिवावर बेततें. सबब त्यांत एकत्र कालविले गेलेले तीन प्रश्न आम्ही वेगळे करूं इच्छितों. पासोडीवरील मांडणी हें अमूर्त चित्र आहे काय, हा पहिला. भारतीय तत्त्वविचार युरोपांतील चित्रकारांपर्यंत पोंचला असल्यास कोणत्या वाटेनें पोंचला, हा दुसरा. आणि मराठी भाषेंत वाढलेल्या चित्रकारांपर्यंत तो कसा आला, हा तिसरा.

२

दासोपंतांचा जन्म शके १४७३ (इ. स. १५५१) मध्यें बीदरच्या अमलाखालील नारायणपेठेस झाला. वडील दिगंबरपंत हे तेथील देशपांडे. सारा भरतां न आल्यामुळें बादशहानें लहान दासोपंतांस ओलीस ठेवून घेतलें, मुदतीच्या अखेरच्या दिवशीं दत्तात्रेयानें पाडेवाराच्या वेषानें येऊन रक्कम भरली व मुलाची सुटका केली, अशी कथा चरित्रकार सांगतात. पुढें दासोपंत घर सोडून माहुरास गेले व तेथें बारा वर्षें राहिले अशी परंपरा आहे. माहूर हें दत्तात्रेयाचें व रेणुकेचें ठाणें आज नांदेड जिल्ह्यांत मोडतें. अखेर ते आंबेजोगाईस स्थिर झाले व शके १५३७ मध्यें तेथेंच समाधिस्थ झाले. निजामी अमदानींत ह्या गांवास मोमिनाबाद म्हणत. आज तें बीड जिल्ह्यांत असलें तरी लातुराहून तें हाकेच्या अंतरावर आहे. विवेकसिंधुकार मुकुंदराजांची समाधि तेथेंच दाखवितात.

दासोपंतांच्या लेखनाचा विस्तार अफाट आहे. एकट्या गीतार्णवाचीच ओवीसंख्या सव्वा लाख सांगतात. त्यांस रोज एक ढबू पैशाची शाई लागे, ही आख्यायिका त्या विस्ताराचेंच माप आहे. ह्या लेखणीनें कागद सोडून एकदां कापड घेतलें. चोवीस हात लांब व अडीच हात रुंद अशा पासोडीवर, म्हणजे पांघरावयाच्या जाड्याभरड्या कापडाच्या पट्टीवर, त्यांनीं पंचीकरण हें प्रकरण लिहिलें. ओव्या सुमारे सोळाशें असून ओव्यांच्या जोडीस आकृतींनीं विषय मांडला आहे. ही पासोडी आंबेजोगाईस जतन झाली.

पंचीकरण हा शब्द वाचकांस नवा नाहीं. तथापि पुढील विवेचनास अवश्य म्हणून त्याचा हिशेब येथें देतों. आकाश, वायु, तेज, आप व पृथ्वी हीं पांच सूक्ष्म भूतें. प्रत्येकाचे दोन सारखे भाग करावयाचे. एक अर्धा तसाच ठेवावयाचा, दुसऱ्या अर्ध्याचे चार भाग करून ते इतर चार भूतांस एकेक द्यावयाचे. असें झालें म्हणजे प्रत्येक स्थूल भूतांत अर्धा अंश आपला व उरलेल्या चौघांचा प्रत्येकीं एक-अष्टमांश असतो. रुपयाच्या भाषेंत बोलावयाचें तर आठ आणे घरचे आणि चौघांचे दोन दोन आणे. विद्यारण्यांच्या पंचदशींत हीच रीत दिली आहे. मराठी ग्रंथकारांनीं ती देहावर उतरविली. पृथ्वीचीं अस्थि, मांस, त्वचा, नाडी, रोम. आकाशाचीं काम, क्रोध, शोक, मोह, भय. याप्रमाणें प्रत्येक भूताचे पांच मिळून पंचवीस तत्त्वांचा देह. पांच आडव्या ओळी व पांच उभ्या ओळी आंखल्या म्हणजे पंचवीस घरांचें कोष्टक तयार होतें. ज्या घरांत आडवी व उभी ओळ एकाच भूताची, तेथें मुख्यांश, आणि इतर घरांत उसने अंश.

आजच्या प्रेक्षकास अशा कोष्टकांत चौकटींची शांत, समतोल रचना दिसते व मोंड्रिआनच्या चित्रांची आठवण होते. त्या काळच्या वाचकास काय दिसे? त्यास प्रत्येक घरांत एक नांव दिसे. तें वाचून हें माझें आहे परंतु मी नव्हे असें म्हणून तो पुढच्या घराकडे वळे. पंचवीस घरें अशीं रिकामीं झालीं म्हणजे जो मोजणारा उरला तोच प्रकरणाचा विषय. तो कोणत्याहि घरांत काढलेला नसतो. अमूर्त म्हणावयाचें तर तेंच एक अमूर्त. कोष्टक हें त्याच्याकडे जाण्याचा जिना, आणि वर चढल्यावर जिन्याचें काम संपतें.

३

येथें एक अनुमान विद्वानांपुढें ठेवतों. हें कोष्टक कोठून आलें? तंत्रमार्गाकडे बोट दाखविण्याची घाई पुष्कळ जण करतात. तंत्रग्रंथांत भूतांचे आकार व रंग ठरलेले आहेत, हें खरें. पूर्णानंदाचें षट्चक्रनिरूपण इ. स. १५७७ मधील, म्हणजे दासोपंतांच्याच हयातींतील आहे. त्यांत पृथ्वीचें मंडल पिवळें व चौकोनी, आपाचें अर्धचंद्राकार, तेजाचें तांबडें व त्रिकोणी, वायूचें षट्कोणी व धूम्रवर्ण असें सांगितलें आहे. परंतु ते आकार ध्यानाचे आहेत. साधकानें त्यांवर मन ठरवावयाचें असतें. पंचीकरणाच्या कोष्टकावर कोणी मन ठरवीत नाहीं. तें एकेक घर मोजून पुढें जाण्याकरितां आहे.

मोजून पुढें जाण्याची ही विद्या ज्या घरांत पिढीजात होती, तें घर देशपांड्यांचें. गांव, जमीन, धारा, वसूल, बाकी यांचे आडवे-उभे रकाने हें त्या घराचें रोजचें लिहिणें. बाकी न भरतां आल्यामुळें ज्याचें बालपण ओलीस गेलें अशी कथा सांगतात, त्या ग्रंथकारानें देहाचा हिशेब रकान्यांत मांडावा यांत आश्चर्य कोणतें? समर्थांच्या संप्रदायांत ह्या विवेकास तत्त्वझाडा म्हणतात. झाडा हा शब्दच मुळीं दप्तरांतील आहे. जमा किती, खर्च किती, कोणाकडे काय निघतें, याची तपासणी म्हणजे झाडा. शब्द दप्तरांतून वेदान्तांत गेला, तशी रकान्यांची चौकटहि गेली असावी. हें अनुमान आहे, सिद्धान्त नव्हे. परंतु ज्यांच्या संग्रहीं एकाच वाड्यांतील महसुली कागद व वेदान्ताच्या पोथ्या दोन्ही आहेत, त्यांनीं दोहोंतील आंखणी शेजारीं शेजारीं ठेवून पाहावी. तंत्रापेक्षां ताळेबंदाशीं तिचें नातें अधिक जवळचें दिसेल असें आम्हांस वाटतें.

आणखी एक गोष्ट. चित्र हें समोर उभें राहून एका दृष्टिक्षेपांत घ्यावयाचें असतें. चोवीस हातांची पासोडी एका जागीं उभें राहून वाचतां येणार नाहीं. एक तर ती उलगडत गेलें पाहिजे, नाहीं तर वाचणारानें तिच्या कडेनें चालत गेलें पाहिजे. तिच्यांत आधीं व नंतर आहे. हा धर्म ग्रंथाचा आहे, चित्राचा नव्हे.

४

आतां दुसरा प्रश्न. युरोपांतील पहिल्या अमूर्त चित्रकारांवर भारतीय तत्त्वविचाराची छाया पडली होती काय? होय, पडली होती. आणि ती ज्या वाटेनें गेली ती वाट मुंबईवरून जाते. थिऑसॉफिकल सोसायटी १८७५ सालीं न्यूयॉर्कमध्यें स्थापन झाली. मॅडम ब्लॅव्हॅट्स्की व कर्नल ऑलकॉट १८७९ च्या आरंभीं मुंबईस उतरले, त्याच वर्षीं ऑक्टोबरांत त्यांनीं तेथें थिऑसॉफिस्ट हें इंग्रजी मासिक सुरू केलें, आणि १८८२ अखेर मुख्य ठाणें मद्रासजवळ अड्यारास हलविलें. ह्या मंडळींच्या द्वारें योग, तंत्र व वेदान्त यांतील परिभाषा इंग्रजी छापील पानांवर आली. रामप्रसाद यांनीं शिवस्वरोदयाच्या आधारें पंचतत्त्वांवर लिहिलेलें इंग्रजी पुस्तक १८९० च्या सुमारास प्रसिद्ध झालें व भूतांचे आकार आणि रंग युरोपांतील गूढविद्येच्या अभ्यासकांस ठाऊक झाले. पुढें १९०५ मध्यें ॲनी बेझंट व लेडबीटर यांनीं विचारांचे आकार अशा अर्थाच्या नांवाचें पुस्तक काढलें. क्रोध, भक्ति, लोभ यांचे सूक्ष्म दृष्टीस दिसणारे आकार म्हणून रंगीत पट्टे त्यांत छापले असून कोणत्या रंगाचा कोणता अर्थ, याची किल्ली आरंभींच दिली आहे.

ह्या साहित्याचा चित्रकारांशीं संबंध कागदोपत्रीं सिद्ध आहे. कँडिन्स्की यानें कलेंतील आध्यात्मिक तत्त्वाविषयींचा आपला निबंध १९११ च्या अखेरीस प्रसिद्ध केला. त्यांत ब्लॅव्हॅट्स्की व तिची सोसायटी यांचा नांवानिशीं उल्लेख आहे. पीट मोंड्रिआन १९०९ सालीं हॉलंडांतील थिऑसॉफिकल सोसायटीचा सभासद झाला. स्वीडनची हिल्मा आफ क्लिंट हीहि १९०४ पासून त्या पंथाशीं संबद्ध होती. तिनें १९०६ ते १९१५ ह्या अवधींत एका कल्पित मंदिरासाठीं १९३ चित्रें केलीं. कँडिन्स्कीच्या आधीं अमूर्त चित्रें काढणारी म्हणून आज तिचें नांव घेतात.

परंतु छाया पडली म्हणजे काय पडलें, हें नीट पाहिलें पाहिजे. जर आकारच उचलले गेले असते तर ते जुळावयास हवे होते. ते जुळत नाहींत. तंत्रांत चौकोन पिवळा आणि त्रिकोण तांबडा. कँडिन्स्की १९२३ च्या सुमारास बाउहाउसमध्यें शिकवीत असतां त्रिकोण पिवळा, चौकोन तांबडा व वर्तुळ निळें असें प्रतिपादन करी. आमच्या ग्रंथांची नक्कल त्यानें केली असती तर तीं दोन घरें अशीं उलटीं झालीं नसतीं. एतावता युरोपास गेला तो आकार नव्हे, तर विश्वास; रंगास व आकारास बाह्य वस्तूवांचून स्वतःचा आंतरिक अर्थ असतो, हा विश्वास. त्यासहि एकटें भारतीय तत्त्वज्ञान कारण नव्हे. मालेविचनें १९१५ सालीं पेट्रोग्राडच्या प्रदर्शनांत आपला काळा चौकोन भिंतीच्या वरच्या कोपऱ्यांत लावला. रशियन घरांत देवाची तसबीर असते ती त्याच कोपऱ्यांत. ज्या चित्रांतून सर्व वस्तु काढून टाकिल्या, त्यानेंहि जागा घेतली ती देव्हाऱ्याची, आणि तो देव्हारा त्याच्याच गांवचा होता.

ह्या सर्व काळांत आमची पासोडी कोठें होती? ती निजामी मुलुखांत आंबेजोगाईस होती. दासोपंतांचें वाङ्मय छापील रूपानें महाराष्ट्रापुढें येऊं लागलें तेंच विसाव्या शतकांत. म्हणून तिनें युरोपास प्रेरणा दिली असें म्हणणें म्हणजे पुत्राच्या जन्मानंतर पित्याचें लग्न लावण्यासारखें आहे.

आफ क्लिंटचें उदाहरण मात्र हस्तलिखितांच्या अभ्यासकानें विसरूं नये. ती १९४४ सालीं वारली. मृत्यूनंतर वीस वर्षें चित्रें दाखवूं नयेत अशी तिची इच्छा होती, आणि लोकांपुढें तीं प्रथम आलीं १९८६ सालीं, लॉस अँजेलिस येथील प्रदर्शनांत. चित्रांबरोबर तिनें हजारों पृष्ठांच्या वह्या मागें ठेवल्या. कोणत्या अक्षराचा, कोणत्या रंगाचा अर्थ काय हें त्यांत आहे. वह्या व चित्रें एकत्र राहिलीं म्हणूनच आज तीं चित्रें वाचतां येतात. पासोडीशीं कोणाचें दूरचें साम्य लावावयाचेंच असेल तर तें हिच्याशीं. आणि तें आकाराचें नसून आकृति व मजकूर यांच्या सहवासाचें आहे.

५

तिसरा प्रश्न मराठी चित्रकारांचा. वासुदेव गायतोंडे यांचा जन्म नागपुरास १९२४ सालीं गोमंतकीय घराण्यांत झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंतून ते १९४८ सालीं बाहेर पडले, १९७२ पासून दिल्लीस राहिले व २००१ सालीं वारले. न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयानें २०१४ मध्यें त्यांच्या चित्रांचें मोठें प्रदर्शन भरविलें. आपल्या चित्रांस ते अमूर्त न म्हणतां वस्तुनिरपेक्ष म्हणत. जपानी झेन विचाराची त्यांस ओढ होती; तसेंच रमण महर्षि व निसर्गदत्त महाराज यांच्या शिकवणीचाहि त्यांच्या मनावर ठसा होता, असें त्यांच्याविषयीं लिहिणारांनीं नमूद केलें आहे.

निसर्गदत्त महाराज (१८९७–१९८१) हे मुंबईस खेतवाडींत मराठींतून बोलत. त्यांचे गुरु सिद्धरामेश्वर महाराज (१८८८–१९३६) हे सोलापूर भागांतले, इंचगिरी संप्रदायाचे. त्यांचीं निरूपणें दासबोधावर होत. दासबोधांत पंचभूतांचें व तत्त्वझाड्याचें विवेचन विस्तारानें आलें आहे. म्हणजे ज्या विवेकाकरितां दासोपंतांनीं कापड आंखलें, तोच विवेक तीनशें वर्षें मराठी निरूपणांत बोलला जात होता, आणि मुंबईच्या एका माडीवर तो विसाव्या शतकांतहि ऐकूं येत होता. युरोपास विचार गेला तो छापील इंग्रजी पुस्तकांतून. मराठी चित्रकारापाशीं त्याचा जो अंश पोंचला तो श्रवणाच्या परंपरेंतून आला. दोन्ही वाटांवर आकृतीचें पत्र आढळत नाहीं.

गायतोंड्यांच्या कामाची रीत पाहिली तर ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. ते रुळानें व पात्यानें रंगाचे थर देत, आणि दिलेला थर पुन्हां खरवडून काढीत. वर जें उरे तें चित्र. त्यांत कोष्टक नाहीं, चक्र नाहीं, भूतांचे ठरीव रंगहि नाहींत. निरसनाचा विचार येथें आकारांत उतरलेला नसून हाताच्या कृतींत उतरला आहे, असें आम्हांस वाटतें. पासोडींत घर वाचून सोडावयाचें. येथें थर चढवून उतरावयाचा. साम्य असेल तर एवढेंच, आणि तें कांहीं थोडें नव्हे.

याउलट ज्यांनीं आकृतींचें रूप प्रत्यक्ष घेतलें त्यांचें काय झालें, हेंहि पाहावें. मद्रासकडील के. सी. एस. पणिकर यांनीं १९६३ पासून शब्द आणि चिन्हें ह्या नांवाची चित्रमाला केली. कुंडल्या, अंक, तक्ते यांचा सर्व थाट तींत आहे. परंतु अक्षरें मुद्दाम न वाचतां येण्यासारखीं काढलीं आहेत. मुंबईचे प्रभाकर बरवे १९६१ ते १९६५ पर्यंत काशीस विणकर सेवा केंद्रांत असतांना तंत्रचित्रांकडे वळले, आणि पुढें तो वेष टाकून त्यांनीं आपली स्वतंत्र वाट काढली. पणिकरांचीं चित्रें सुंदर आहेत व प्रामाणिकहि आहेत. कारण अक्षर अवाच्य करून त्यांनीं स्वतःच सांगून टाकलें आहे कीं, हा कुंडलीचा देखावा आहे, कुंडली नव्हे. ज्या क्षणीं वाचन थांबतें त्या क्षणीं चित्र सुरू होतें, ही सीमारेषा त्यांनीं ओळखली होती. आमच्या पोथ्यांस चित्र म्हणणारांस ती ओळखतां येत नाहीं.

६

यावर एक आक्षेप येईल. पासोडी चित्र नव्हे असें म्हणून तुम्ही तिचें सौंदर्यच नाकारतां कीं काय? मुळींच नाहीं. चोवीस हात कापडावर अक्षराचा आकार, ओळींतलें अंतर, रकान्याची सरळ रेघ हीं सांभाळणें ही लहान कला नव्हे. वाचतां न येणाऱ्या मनुष्यासहि तिच्यापुढें थांबावेंसें वाटेल, हें आम्हीहि मान्य करतों. डोळा वाचनाची वाट पाहत नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, हें सौंदर्य कामाच्या मागून आलेलें आहे. चांगल्या बांधणीच्या बारवेस जें सौंदर्य असतें त्या जातीचें तें आहे. बारव पाण्यासाठीं बांधली, आणि पायऱ्यांचा हिशेब बरोबर साधला म्हणून ती देखणी झाली. पायऱ्या उपटून संग्रहालयांत मांडल्या तर शिल्लक राहील तो दगड.

पासोडीस अमूर्त चित्रकलेची आद्य जननी म्हटल्यानें तिचा मान वाढत नाहीं, उलट घटतो. कारण मग तिची परीक्षा दुसऱ्याच्या मापानें होते, आणि त्या मापांत तिच्या सोळाशें ओव्यांस जागा नसते. युरोपांतील चित्रकारांनीं विषय काढून आकार ठेविला. दासोपंतांनीं आकार कामास लावून विषय ठेविला, आणि अखेर आकारहि सोडण्यास सांगितलें. दोन्ही प्रयत्न थोर आहेत. एक दुसऱ्याचें बालपण नव्हे.

७

आतां संग्राहकांस कांहीं विनंति. १९७२ च्या पुरावस्तुविषयक कायद्यानें पंचाहत्तर वर्षांहून जुनें, ऐतिहासिक, वाङ्मयीन, शास्त्रीय किंवा कलादृष्ट्या मोलाचें हस्तलिखित हें पुरावस्तु गणलें आहे, आणि खाजगी व्यक्तीस तें देशाबाहेर पाठवितां येत नाहीं. परंतु पत्र पोथींतून निघून शेजारच्या गांवीं गेलें तरी नुकसान तेवढेंच होतें. तेथें कायदा पुरा पडत नाहीं, संग्राहकाची समजच कामास येते.

म्हणून आकृतीचें पत्र पोथीबाहेर काढूं नये. सुटें सापडल्यास त्याच्या कडेच्या ओव्यांवरून, अंकांवरून व हस्ताक्षरावरून तें कोणत्या प्रकरणांतलें हें आधीं ठरवावें. यादींत नोंद करितांना चित्र असा एकच शब्द लिहून थांबूं नये. आकृतीपूर्वींची व नंतरची ओवी कोणती, वाचन कोणत्या घरापासून सुरू होतें, पत्र फिरवून वाचावें लागतें काय, रेघांची शाई व अक्षरांची शाई एकच आहे काय, रेघा आधीं कीं अक्षरें आधीं, हें लिहावें. तांत्रिक हा शब्द बीजाक्षरें, मंत्र किंवा प्रयोगविधि असेल तेथेंच वापरावा. केवळ त्रिकोण-चौकोन दिसले म्हणून वापरूं नये. आणि ज्यांच्या घरीं महसुली दप्तर व वेदान्ताचीं बाडें एकाच पेटाऱ्यांत आहेत, त्यांनीं तीं एकमेकांपासून तोडूं नयेत. तीं एकत्र ज्या हातांनीं ठेविलीं ते हात कदाचित् एकाच मनुष्याचे असतील, आणि वर मांडलेल्या अनुमानाचा निकाल लागला तर तो अशाच पेटाऱ्यांतून लागेल.

माहुरापासून आंबेजोगाईपर्यंतच्या देवघरांत व वाड्यांत अशीं कोष्टकें अजून असण्याचा संभव पुष्कळ आहे. एखादें हातीं आल्यास तें भिंतीवर लावण्यापूर्वीं एकदां मोठ्यानें वाचावें. पंचवीस घरें वाचून होण्यास फार वेळ लागत नाहीं. आणि वाचून झाल्यावर तें भिंतीवर लावावें कीं पुन्हां पोथींत ठेवावें, हें वाचणारास कोणी निराळें सांगावें लागणार नाहीं.